वरणाच्या पाण्यावर बाळ अंग धरत नाही

"बाळ काय काय खाते?"

"सगळंच खाते न जी."

"सगळं म्हणजे काय काय?"

"वरणाचं पाणी देतो, दूध पिते, बिस्कीट खाते. कधी कधी भात."

नागपुरातल्या कुठल्याही सरकारी दवाखान्याच्या बालरुग्ण विभागात सकाळी तासभर बसलं, तर थोड्याफार फरकाने हा संवाद चार-सहा वेळा तरी कानावर पडतो. मांडीवर दहा-अकरा महिन्यांचं बाळ असतं. आणलेलं असतं सर्दी-खोकल्यासाठी. ते हसतं, डॉक्टरांच्या गळ्यातला स्टेथोस्कोप ओढतं, पाहणाऱ्याला अगदी ठणठणीत वाटतं. पण खालची पापणी ओढून पाहिली, की आतला भाग लालसर असायला हवा तिथे फिकट, जवळजवळ पांढरा दिसतो. वजन तीन महिन्यांपूर्वी होतं त्याहून जेमतेम दोनशे ग्रॅम वाढलेलं. आई खोटं बोलत नसते. तिच्या हिशेबाने बाळ खरोखरच सगळं खातं आणि उपाशी झोपत नाही.

धरमपेठ किंवा सिव्हिल लाइन्समधल्या खासगी दवाखान्यात हाच प्रश्न विचारला तर शब्द बदलतात. वरणाच्या पाण्याच्या जागी डब्याचं दूध येतं, भाताच्या जागी पाकिटातलं तयार सीरियल आणि ग्लुकोज बिस्किटाच्या जागी महागडी बेबी बिस्किटं. तरी वाटीचा रंग तोच राहतो, पांढरा किंवा फिकट पिवळा. शहरातल्या लहान मुलांच्या आहाराबद्दल बोलताना नेमकी हीच गोष्ट नजरेतून सुटते. कुपोषण म्हटलं की मेळघाट डोळ्यांसमोर येतं, आणि मेळघाटाचा प्रश्न गंभीर आहेच. पण पोट भरलेलं असताना आतून रिकामं राहणारं मूल नागपूरच्या मानेवाड्यात, टेका नाक्यावर किंवा फ्लॅट स्कीमच्या तिसऱ्या मजल्यावरही असतं.

या प्रश्नावर नागपुरातच एक महत्त्वाचं काम झालं आहे. इथल्या लता मेडिकल रिसर्च फाउंडेशनच्या डॉ. अर्चना पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातल्या ६ ते २३ महिन्यांच्या पंधरा हजारांहून अधिक बालकांची माहिती तपासली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासातले तीन आकडे शेजारी शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. वयाला साजेशा वेळा खाऊ घातली जाणारी बालकं ४१.५ टक्के होती. खाण्यात पुरेशी विविधता असलेली फक्त १५.२ टक्के. आणि दोन्ही निकष पाळून किमान योग्य आहार मिळणारी अवघी ९.२ टक्के. म्हणजे दिवसातून पुरेशा वेळा वाटी पुढे येणारी मुलंसुद्धा बहुतेक वेळा एकच एक पदार्थ खात होती. गरिबी हे याचं एक कारण होतंच; पण गरोदरपणात आईच्या तपासण्या किती वेळा झाल्या, याचाही बाळाच्या वाटीशी संबंध आढळला. दवाखान्याशी गाठ कमी, म्हणजे सांगणारं माणूसही कमी.

त्याच सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, देशात पुरेसा आहार मिळणाऱ्या या वयाच्या बालकांचं प्रमाण ११.३ टक्के निघालं. मधल्या दीड दशकात घरोघरी गॅस आला, हातोहाती मोबाइल आला, रुग्णालयातली बाळंतपणं कितीतरी वाढली. बाळाची वाटी मात्र जवळपास होती तिथेच राहिली.

महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर याच पाचव्या फेरीत पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी आणि २५.६ टक्के उंचीच्या मानाने हडकुळी आढळली. सहा महिने ते पाच वर्षं वयोगटातल्या रक्तक्षयाचं प्रमाण आधीच्या फेरीत ५३.८ टक्के होतं, ते ६८.९ टक्क्यांवर गेलं. हा शेवटचा आकडा जपून वाचायला हवा. तो बोटातून काढलेल्या थेंबभर रक्ताच्या तपासणीचा आहे आणि या पद्धतीत रक्त प्रत्यक्षापेक्षा कमी दिसू शकतं. २०१६-१८ च्या राष्ट्रीय सर्वंकष पोषण सर्वेक्षणात शिरेतून रक्त घेतलं गेलं, तेव्हा देशभरात एक ते चार वर्षांच्या मुलांत रक्तक्षय ४१ टक्के निघाला. धीर देणारा म्हणून हा छोटा आकडा घेतला, तरी दर पाचांत दोन मुलं होतातच.

याच पोषण सर्वेक्षणात एक उलटं वाटणारं निरीक्षण होतं. शरीरातल्या लोहाचा साठा फेरिटिन नावाच्या प्रथिनावरून मोजतात. त्यानुसार एक ते चार वर्षांच्या मुलांपैकी सुमारे ३२ टक्के मुलांत लोह कमी होतं, आणि ही कमतरता खेड्यांपेक्षा शहरांत, गरीब घरांपेक्षा सधन घरांत जास्त होती. जिथे फळवाला दारावर येतो आणि फ्रिजमध्ये चार प्रकारच्या भाज्या असतात, तिथल्या मुलाच्या अंगात लोह कमी. याची कारणं अनेक असतील, पण बालरोगतज्ज्ञांना रोज दिसणारं एक कारण अगदी साधं आहे: दूध. त्याकडे येण्यापूर्वी लोहाचा हिशेब समजून घ्यायला हवा.

बाळ जन्माला येतं ते लोहाची शिदोरी घेऊन. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत आई ती बांधून देते. पूर्ण दिवसांच्या, चांगल्या वजनाच्या बाळाला ती साधारण सहा महिने पुरते. आईचंच रक्त कमी असेल, बाळ दिवसांआधी किंवा कमी वजनाचं जन्मलं असेल, तर शिदोरी मुळातच लहान असते आणि लवकर संपते. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे, हे इथे विसरता येत नाही. जन्मल्यावर नाळ लगेच न कापता एक ते तीन मिनिटं थांबलं, तर नाळेतलं रक्त बाळाकडे जातं आणि शिदोरीत चांगली भर पडते. प्रसूतिगृहातल्या त्या दोन मिनिटांचा उपयोग बाळाला पुढे कित्येक महिने होत राहतो.

आईच्या दुधात लोह थोडंच असतं, पण त्यातलं पुष्कळसं अंगी लागतं. पहिले सहा महिने तेवढ्यावर निभतं. त्यानंतर बाळाची वाढ आणि गरज यांचा वेग असा असतो, की लोह जवळजवळ सगळंच वरच्या अन्नातून यावं लागतं. आईचं दूध दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही द्यावं, त्याला पर्याय नाही. पण सहा महिन्यांनंतर लोहासाठी त्यावर विसंबता येत नाही. लोह केवळ रक्तासाठी लागतं असंही नाही. मेंदूतल्या पेशींची जोडणी सर्वांत वेगाने याच काळात होत असते आणि दुसऱ्या वाढदिवसापर्यंत मेंदूचा आकार मोठ्या माणसाच्या सुमारे ८० टक्के झालेला असतो. या काळात लोह कमी पडलं, तर पुढे औषधाने हिमोग्लोबिन वर येतं, पण लक्ष देण्याची, शिकण्याची मागे पडलेली क्षमता पूर्णपणे भरून निघेलच असं नाही. बालरोगतज्ज्ञ फिकट पापणीकडे इतक्या गांभीर्याने पाहतात ते यामुळे.

मग वरचं अन्न नेमकं सुरू कधी करायचं? इथे आपल्या भाषेतच एक गोंधळ आहे. डॉक्टर सांगतात सहा महिने पूर्ण झाल्यावर, म्हणजे १८० दिवसांनंतर. घरात ऐकलं जातं 'सहाव्या महिन्यात', म्हणजे पाच पूर्ण होऊन सहावा लागल्यावर. त्यात उष्टावणाचा प्रश्न येतो. मुलाचं उष्टावण सम महिन्यात, मुलीचं विषम महिन्यात अशी रीत अनेक घरांत आहे. मुलीचं पाचव्यात उरकलं तर ते फार लवकर होतं. मुलाचं सहाव्यातलं हुकलं आणि मामाला सुट्टी नाही म्हणून आठव्यात ढकललं, तर महिनाभर उशीर होतो. उष्टावण हा देखणा सोहळा आहे. चांदीची वाटी, मामाच्या मांडीवर बसलेलं बाळ, खिरीचा पहिला चमचा, फोटो. अडचण दुसऱ्या दिवशी सुरू होते. चांदीची वाटी कपाटात जाते आणि बाळ पुन्हा दुधावर येतं. मुहूर्ताचं उष्टावण ज्या दिवशी व्हायचं त्या दिवशी होऊ द्यावं. १८१ व्या दिवशी मऊ भाताचे दोन चमचे द्यायला मामाची वाट पाहण्याची गरज नाही.

आता वरणाचं पाणी. कुकर उघडल्यावर शिजलेल्या डाळीवर जे पिवळसर पाणी तरंगतं, ते वाटीत काढून बाळाला द्यायचं, ही पद्धत इतकी रुळली आहे की शिकल्यासवरल्या घरांतही तिच्याबद्दल शंका घेतली जात नाही. बाळाला पचायला हलकं, असं तिचं समर्थन असतं. हलकं ते असतंच, कारण त्यात पचवण्यासारखं फारसं काही नसतं. डाळीतली प्रथिनं आणि लोह बहुतांशी तळाशी बसलेल्या डाळीत राहतात, आणि ती डाळ घरातली मोठी माणसं फोडणी घालून खातात. आईच्या १०० मिलिलिटर दुधातून बाळाला ६५ ते ७० कॅलरी मिळतात. वरणाचं पाणी त्याच्या जवळपासही जात नाही. बाळाचं पोट लहान. आठ किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी साधारण २४० मिलिलिटर, म्हणजे एक मोठी वाटीभर मावतं. ती जागा पाण्याने भरली तर बाळ तृप्त दिसतं, ढेकर देतं, आणि आईचं दूधही कमी पितं. वरचं अन्न सुरू केल्यावर वजन वाढण्याऐवजी थांबलं, तर तिथे बहुतेक वेळा ही वाटी सापडते.

यावर औषध स्वयंपाकघरातच आहे आणि आज्यांना ते ठाऊक आहे. मऊ भात, त्यावर डाळीसकट घोटलेलं घट्ट वरण, चमचाभर तूप आणि लिंबाचे दोन-चार थेंब. तुपाच्या एका लहान चमच्यात जवळजवळ ४५ कॅलरी असतात, तेवढ्याने वाटीचा आकार न वाढवता ताकद वाढते. लिंबातलं क जीवनसत्त्व डाळीतलं लोह आतड्यातून शोषून घ्यायला मदत करतं. मराठी पानातल्या वरण-भात-तूप-लिंबू या चौकडीतलं लिंबू केवळ चवीचं नाही, हे पोषणशास्त्राला उशिरा कळलं म्हणायचं. वाटीत अन्न किती घट्ट हवं याची खूण सोपी आहे: चमचा तिरपा केला तर ते पटकन ओघळता कामा नये. मिक्सरमधून काढून पाण्यासारखं केलेलं अन्न सहा महिन्यांच्या बाळालाही लागत नाही. हाताने किंवा पळीने कुस्करलेलं पुरतं, आणि नऊ-दहा महिन्यांनंतर तर थोडे कण राहिलेलेच बरे. चावायला शिकायचं वय तेच. मीठ पहिल्या वर्षी नाममात्र आणि साखर नकोच. मध तर वर्षाच्या आत अजिबात देऊ नये, कारण त्यातून बोट्युलिझम नावाचा क्वचित आढळणारा पण जिवावर बेतणारा आजार होऊ शकतो.

आता दूध. शाळेच्या पुस्तकाने दुधाला पूर्णान्न म्हटलं आणि ते तीन पिढ्यांच्या डोक्यात पक्कं बसलं. कॅल्शियम आणि प्रथिनांसाठी दूध चांगलं, यात वाद नाही. पण गाईच्या लिटरभर दुधात लोह असतं सुमारे अर्धा मिलिग्रॅम, आणि त्यातलं कॅल्शियम व प्रथिनं इतर अन्नातल्या लोहाच्या आड येतात. वर्षाच्या आतल्या बाळाला ते फार प्रमाणात दिलं, तर काही बाळांच्या आतड्यातून डोळ्यांना न दिसणारा रक्तस्राव होतो. आईचं दूध मिळत नसेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने वरचं दूध द्यावं लागतं, पण ते जेवणाची जागा घेऊ शकत नाही. वर्षानंतरच्या मुलाला दिवसाला चारशे-पाचशे मिलिलिटर पुष्कळ झालं. प्रत्यक्षात दीड वर्षाचं मूल सकाळी बाटली, दुपारी बाटली, झोपताना बाटली असं लिटरभर दूध पितं. या वयाची दिवसाची गरज हजार-अकराशे कॅलरींची. लिटरभर म्हशीच्या दुधात ती जवळजवळ सगळी भागते. जेवायला भूक उरतेच कुठे? मग मूल जेवत नाही म्हणून आई आणखी एक बाटली देते, आणि बाटली प्यायल्यामुळे ते पुन्हा जेवत नाही. सधन घरातल्या गुटगुटीत, गोऱ्यापान आणि चिडचिड्या मुलाचं हिमोग्लोबिन आठवर आलेलं असतं ते बहुधा या फेऱ्यातून. गोरेपणाचं कौतुक चाललेलं असतं, आणि खरं तर तो फिकटपणा असतो.

नागपूरचा उन्हाळाही या गोष्टीत येतो. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की चार महिन्यांच्या बाळाच्याही घशाला कोरड पडत असेल, असं घरच्यांना वाटणं स्वाभाविक आहे. चमचा-चमचा पाणी सुरू होतं, मग ग्लुकोजचं पाणी, मग बाटली. आईच्या दुधात सुमारे ८८ टक्के पाणीच असतं. पहिल्या सहा महिन्यांत, अगदी नवतपातसुद्धा, बाळाला वेगळं पाणी लागत नाही. जास्त वेळा अंगावर पाजावं लागतं, आणि आईने स्वतः भरपूर पाणी प्यावं लागतं. बाळाला वरून दिलेलं पाणी जुलाब घेऊन येतं, आणि एकेका जुलाबाच्या आजारात महिन्याभराची वाढ धुऊन निघते.

बिस्किटाबद्दल फार लिहायला नको. मैदा, साखर आणि पामतेल. साध्या ग्लुकोज बिस्किटात जवळजवळ पाव भाग साखर. ते चहात बुडवून दिलं की चहातलं टॅनिन जेवणातलं लोहही अडवतं. वर्षाच्या मुलाला कपबशीतून चहा पाजणारी घरं शहरात कमी नाहीत, आणि त्यात त्यांना लाड दिसतो. पाकिटातल्या तयार आहाराची गोष्ट वेगळी आहे. त्यात लोह घातलेलं असतं आणि अडीअडचणीला ते उपयोगीही पडतं. पण २०२४ मध्ये स्वित्झर्लंडच्या 'पब्लिक आय' या संस्थेने दाखवून दिलं, की एका बहुराष्ट्रीय कंपनीच्या भारतात विकल्या जाणाऱ्या बेबी सीरियलमध्ये एका वेळच्या खाण्यात सरासरी तीन ग्रॅमच्या आसपास वरून घातलेली साखर होती, आणि युरोपात मात्र तीच कंपनी असं उत्पादन साखर न घालता विकत होती. दोन वर्षांखालच्या बाळांच्या अन्नाची, डब्याच्या दुधाची आणि दुधाच्या बाटल्यांची जाहिरात करायला आणि मोफत नमुने वाटायला भारतात बंदी आहे. १९९२ चा कायदा आणि २००३ ची त्यातली दुरुस्ती इतकी कडक आहे, की फार थोड्या देशांत तशी असेल. पाकिटावरचा तपशील वाचणं मात्र पालकांनाच करावं लागतं. घटकांच्या यादीत साखर, सुक्रोज, माल्टोडेक्स्ट्रिन अशी नावं पहिल्या चार-पाचांत दिसली, तर पाकीट परत ठेवावं.

मग द्यायचं काय? जागतिक आरोग्य संघटनेने या वयासाठी आठ अन्नगट मानले आहेत: आईचं दूध, धान्यं व कंदमुळं, डाळी-कडधान्यं व दाणे, दूध-दही, मांस-मासे, अंडी, पिवळी-नारिंगी फळं व हिरव्या पालेभाज्या, आणि इतर फळं-भाज्या. दिवसात यातले किमान पाच बाळाच्या तोंडात गेले पाहिजेत. यादी मोठी वाटते, पण कॉटन मार्केटमध्ये एक फेरी मारली तर बहुतेक सगळं मिळतं. घरातल्या पालकाच्या पातळ भाजीतलं तिखट घालण्याआधी बाजूला काढलेलं वाटीभर, कुस्करलेलं लाल भोपळ्याचं फोड, दह्यात कालवलेली ज्वारीची मऊ भाकर, भाजून बारीक कुटलेले शेंगदाणे. अख्खे दाणे, फुटाणे, द्राक्षं मात्र नकोत. ती श्वासनलिकेत अडकून मुलं दगावतात. अंड्याबद्दल जास्त सांगायला हवं. सात-आठ रुपयांच्या एका अंड्यात सहा ग्रॅम उत्तम दर्जाची प्रथिनं आणि ब-१२ जीवनसत्त्व मिळतं. पूर्ण शिजवलेलं, पिवळ्या-पांढऱ्या भागासकट, सहा महिन्यांनंतर देता येतं. 'उष्ण पडतं' म्हणून ते वर्ष-दोन वर्षं लांबवण्याला शास्त्रीय आधार नाही. ज्या घरांत मांसाहार होतो तिथेही बाळाला मटणाचा फक्त रस्सा मिळतो आणि तुकडे मोठ्यांना. वरणाच्या पाण्याचीच ही दुसरी आवृत्ती. बारीक केलेली कलेजी किंवा खिमा दोन चमचे दिला, तर लोहासाठी त्याच्या तोडीचं दुसरं काही नाही. शाकाहारी घरांत दही, डाळी, मोड आलेली कडधान्यं आणि पालेभाज्या रोज हव्यात, आणि अंगावर पाजणाऱ्या आईच्या ब-१२ कडे लक्ष हवं. तिच्यात ते फार कमी असेल तर बाळ मंद होतं, शिकलेलं विसरतं, हातापायांची कातडी काळवंडते, अंग थरथरतं. असं बाळ मेंदूच्या आजाराच्या शंकेने मोठ्या दवाखान्यात येतं, आणि काही इंजेक्शनांनी हसू-खेळू लागतं.

आणि संत्री. ज्या शहराची ओळखच संत्रानगरी, तिथे आंबिया बहाराची संत्री ऐन थंडीत ढिगांनी येतात, तेव्हा बाळांना ती मिळत नाहीत, कारण 'सर्दी होईल'. बिया आणि वरची साल काढलेली दोन फोडी जेवणासोबत दिली तर तेच काम होतं जे वरणातल्या लिंबाने होतं. सर्दी विषाणूंमुळे होते. त्यात संत्र्याचा दोष नाही.

हे सगळं सांगणं सोपं आहे. चार घरची धुणीभांडी करणारी आई सकाळी आठला बाहेर पडते आणि एक वाजता येते. बाळ आजीकडे, नाही तर आठ वर्षांच्या बहिणीकडे असतं. सकाळचं वरण उन्हाळ्यात दोन तासांत खराब होऊ लागतं, म्हणून पुडा फोडून बिस्किटं हातात देणं हाच व्यवहार्य मार्ग ठरतो. संघटित क्षेत्रातल्या आईला २०१७ च्या दुरुस्तीनंतर २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते, पण त्यातले आठ आठवडे बाळंतपणाआधी घेतले तर ती कामावर परतते तेव्हा बाळ चार महिन्यांचंच असतं. अंगणवाडीतून सहा महिने ते तीन वर्षांच्या बालकांसाठी घरी नेण्याचा आहार मिळतो, त्यातून दिवसाला किती कॅलरी आणि किती प्रथिनं मिळावीत याचा निकष ठरलेला आहे. घरी गेल्यावर ते पाकीट सगळ्या भावंडांत वाटलं जातं. अशा घरांसाठी विदर्भातलं जुनं सातूचं पीठ फार कामाचं आहे. भाजलेले गहू आणि डाळवं दळून केलेलं हे पीठ डब्यात महिनाभर टिकतं. उकळून कोमट केलेल्या पाण्यात किंवा दुधात कालवलं की आजीला, अगदी मोठ्या बहिणीलाही पाच मिनिटांत बाळाला घट्ट वाटी देता येते. वर्षाच्या आत त्यात गूळ घालू नये. केळं कुस्करून घातलं तर गोडी आपोआप येते.

भरवण्याची रीतही वाटीइतकीच महत्त्वाची. मोबाइलवर गाणी लावून घशात अन्न ढकललेल्या मुलाला भूक आणि पोट भरणं यांतला फरक कळेनासा होतो. नवा पदार्थ पहिल्यांदा थुंकला म्हणजे आवडला नाही असं नसतं. आठ-दहा वेळा पुढे आल्यावर तो मुलं खातात. आजारपणात खाणं बंद करू नये, आणि बरं झाल्यावर दोन आठवडे एक जेवण जास्त द्यावं.

सांगितल्याने घरातल्या सवयी बदलतात का, अशी शंका घेणाऱ्यांसाठी पुन्हा नागपूरचंच उदाहरण आहे. इथल्या सार्वजनिक रुग्णालयांत नाव नोंदवलेल्या हजाराहून अधिक गरोदर महिलांवर डॉ. पटेल यांच्याच गटाने एक प्रयोग केला. काही जणींना आठवड्यातून एकदा समुपदेशकाचा फोन आणि रोज एक संदेश, बाकीच्यांना नेहमीचा सल्ला. बाळ २४ आठवड्यांचं झालं तेव्हा फोन जाणाऱ्या गटात निव्वळ स्तनपान ९७.३ टक्के टिकलं होतं, दुसऱ्या गटात ४८.५ टक्के. हे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. फोन करणारी बाई दर आठवड्याला विचारते आणि ऐकून घेते, एवढाच काय तो फरक होता. स्तनपानासाठी जे जमलं ते सहा महिन्यांनंतरच्या वाटीसाठी अजून कुणी एवढ्या नेटाने करत नाही.

राहिला लोहाच्या औषधाचा विषय. २०१८ पासूनच्या 'अ‍ॅनिमिया मुक्त भारत' कार्यक्रमात सहा महिने ते पाच वर्षांच्या प्रत्येक बालकाला आठवड्यातून दोनदा एक मिलिलिटर लोहाचं सिरप द्यायचं ठरलं आहे. आशाताई किंवा अंगणवाडीताई ते देतात. बाळ फिकट दिसत असेल तर मात्र स्वतःहून बाटल्या आणू नयेत. विदर्भ सिकलसेलच्या पट्ट्यात येतो, थॅलेसेमियाचेही वाहक इथे आहेत, त्यामुळे कमी हिमोग्लोबिन म्हणजे लोहाचीच कमतरता असं इथे धरून चालत नाही. सिकलसेलची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. कमतरता लोहाचीच ठरली, तर डॉक्टर वजनानुसार मात्रा देतात. हिमोग्लोबिन महिन्याभरात वर यायला लागतं. पण आतला साठा भरायला आणखी दोन-तीन महिने लागतात, आणि नेमकं तेव्हाच, बाळाच्या गालांवर लाली आली म्हणून, औषध बंद केलं जातं. सिरप सुरू असताना शी काळसर होते, दातांवर डाग दिसतात. ते पाहून घाबरायचं कारण नाही. औषध जिभेच्या मागच्या बाजूला सोडावं, दुधासोबत देऊ नये, आणि बाटली अर्धी राहिली असेल तर पुढच्या भेटीला ती सोबत घेऊन जावी.